गेलनची भरलेली बरणी

"मी विसरलेले नाही, जरा कामात आहे, एवढंच."

आर्लिस व्होंद्रा हे वाक्य दिवसातून कितीदा तरी म्हणायची. कुणी पावती मागितली, कुणी कॉफी संपल्याची कुरकुर केली, कुणी गेल्या आठवड्यातल्या एखाद्या कामाची आठवण करून दिली, की ती मान वर न करता हेच म्हणायची. आम्ही तिच्या पाठीमागे, तिच्याच कोरड्या आवाजात ते म्हणून दाखवायचो आणि हसायचो. गेलन ब्रॉकमनही हसायचा. त्यानं त्या वाक्याकडे जरा नीट कान दिला असता तर त्या जूनमध्ये त्याची खुर्ची गेली नसती.

आमच्या गावाकडे लांबून येणाऱ्याला आधी धान्याची उंच कोठारं दिसतात, मग चर्चचा मनोरा, आणि गाव अगदी जवळ आल्यावर. कोठारं सहकारी सोसायटीची. त्यांच्या पायथ्याशी गाड्यांचा वजनकाटा, काट्याला लागून ऑफिसची खोली, आणि खोलीला काट्याकडे उघडणारी रुंद खिडकी. त्या खिडकीत आर्लिस बसायची. मक्यानं भरलेली गाडी काट्यावर चढली की ती वजन घ्यायची, नमुना काढायची, दाण्यातली ओल बघायची. गाडी रिकामी होऊन आली की पुन्हा वजन. माझ्या हयातीत माझ्या जमिनीनं जे काही दिलं ते सगळं त्या बाईच्या नजरेखालून गेलं. उंच, हाडापेराची, केस स्वतःच कात्रीनं कापलेले, अंगात मेलेल्या नवऱ्याचा जाड कॅनव्हासचा कोट. एमिल लवकर गेला. मूल नव्हतं. तिला या जगात तिचा भाऊ लायल तेवढा होता.

लायल अंगानं बाप्या आणि समजुतीनं पाच-सहा वर्षांचं पोर. त्याला फिट यायची. एकदा आर्लिस कामावर असताना तो रेल्वेच्या रुळात जाऊन पडला, तेव्हा तिनं त्याला काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, घरात ठेवलं. ज्यांना कुणी नाही, किंवा ज्यांच्याजवळ दिवसभर बसायला कुणी नाही, त्यांच्यासाठी आमच्या आज्यांनी बांधलेली ती विटांची मोठी इमारत. आम्ही तिला नुसतं घर म्हणायचो. मागे वाफे, गोठा, कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्या लायलच्या. सकाळी वाडगाभर दाणे घेऊन तो अंगणात उभा राहायचा आणि एकेकीला नावानं हाक मारायचा. काम सुटलं की आर्लिस शेतांच्या कडेनं चालत जायची, त्याच्याबरोबर अंडी गोळा करायची, अंधार पडायच्या आत परत. असं कितीतरी वर्षं.

मग काउंटीचा पैसा आटला, घर बंद करायची कुजबुज सुरू झाली. काउंटीचा कारभार तिघे सुपरवायझर बघतात, लोकांनी निवडून दिलेले. त्यांतला थोरला गेलन. गोरापान, भरदार, हात हातात घेतला की दोन्ही हातांनी धरून ठेवणारा. निवडणूक तोंडावर होती, तेव्हा तो आर्लिसच्या स्वयंपाकघरात आला. तिनं भाजलेल्या रुबार्बच्या आंबटगोड पाईचे दोन तुकडे त्यानं खाल्ले, बशी बोटानं पुसली आणि म्हणाला, "आर्लिस, माझ्याकडे बघ. तुझ्या भावाचं घर माझ्या हातानं बंद होणार नाही. बस?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. विश्वास ठेवला. मतही दिलं.

पुढच्या वसंतात, काउंटीचा कारभार जिथून चालतो त्या कोर्टहाऊसमधल्या बैठकीत ठराव आला. आम्ही मागच्या बाकांवर होतो. घर बंद करायच्या बाजूनं पहिला हात वर गेला तो गेलनचा. तिच्या बाजूला त्यानं एकदासुद्धा बघितलं नाही. घरातल्या माणसांना वेगवेगळ्या शहरांत पाठवलं. लायलच्या वाट्याला गाडीनं अर्धा दिवस लागेल असं एक ठिकाण आलं, तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या बायका भल्या होत्या, आर्लिसनं कधी त्यांना नावं ठेवली नाहीत. पण लायल रोज सकाळी रिकामा वाडगा घेऊन खिडकीशी उभा राही आणि खाली रस्त्याकडे बघून हाका मारी. पहिला हिवाळासुद्धा त्यानं काढला नाही. तिनं त्याला परत आणून एमिलच्या शेजारी पुरलं. सगळं गाव आलं होतं. गेलन आला नाही. घराची जमीन पुढे त्याच्या पुतण्यानं कसायला घेतली आणि खुराड्याच्या जागी सोयाबीन उगवलं.

आर्लिस कुणाला काही बोलली नाही. वजन घेत राहिली.

आता बरण्यांचं सांगतो. आमच्या काउंटीत नोव्हेंबरच्या निवडणुकीला काही अर्थ नसतो. सगळा मुलूख एकाच पक्षाचा, दुसऱ्या पक्षाचा माणूस उभाच राहत नाही. जे काही ठरतं ते जूनमध्ये, पक्षातल्या पक्षात, उमेदवार निवडायच्या मतदानात. त्या मतदानाच्या आधी सोसायटीच्या काउंटरवर काचेच्या बरण्या मांडायच्या, प्रत्येकीवर एकेका उमेदवाराचं नाव चिकटवायचं, आणि धान्य घेऊन येईल त्यानं आपल्या गाडीतला मक्याचा एक दाणा आपल्या माणसाच्या बरणीत टाकायचा, ही आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची रीत. मत फिरलं तर चारचौघांत एका बरणीतला दाणा काढून दुसरीत टाकायचा. का फिरलं ते सांगायचं बंधन नाही, पण सांगितल्याशिवाय कुणाला राहवत नाही. शेजाऱ्याचं मन कसं वळतं ते बघायचं असेल तर बरण्यांपाशी बसावं. एखाद्याचं मत रस्त्यावर टाकलेल्या खडीनं फिरतं, एखाद्याचं बायकोनं, एखाद्याचं नुसत्या हवेनं. आणि बरणी कधी खोटी ठरली नव्हती. शहरातले वर्तमानपत्रवाले फोन करकरून अंदाज बांधतात, आमच्याकडे बरणीकडे बघून लोक पैजा लावायचे.

त्या वर्षी मार्चमध्ये बर्फ विरघळायला लागला तेव्हा दोन बरण्या मांडल्या गेल्या. एक गेलनची. दुसरी नील टिमरमनची. नील काउंटीच्या मातीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवायचा, रस्ते खरवडून सपाट करायचा. बुजरा माणूस, बोलायला लागला तर स्वतःच्या टोपीशी बोलायचा.

बरण्या मांडल्या त्याच दिवशी गेलन आत आला. टेबलाशी आम्ही रोजचे बसलो होतो. हारलन बेंकन, टकला मेल्विन स्टॉफर आणि मी. गेलननं सगळ्यांच्या पाठीवर थापा मारल्या, मग काउंटरवर दोन्ही हात टेकून आर्लिसपुढे उभा राहिला.

"काय आर्लिस, ठीक ना सगळं?"

"ठीक."

"आणि तुझा भाऊ? लॉइड ना?"

"लायल."

"हां, लायल! काय डोकं झालंय माझं. बरा आहे ना तिकडे? मी तेव्हाच म्हटलं होतं, तिकडे त्यांची छान सोय लागेल."

टेबलाशी मेल्विनच्या हातात कप तसाच राहिला. लायलला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

आर्लिसनं पेन खाली ठेवलं. "शांत आहे तो," ती म्हणाली.

"वा! वा!" गेलन म्हणाला आणि आपल्या बरणीत एक दाणा टाकून निघून गेला.

हारलन उठून काउंटरपाशी गेला. "अगं, तू बोलली का नाहीस? तोंडावर फेकायचं होतंस!"

"मी विसरलेले नाही, हारलन. जरा कामात आहे." त्या दिवशी आम्ही कुणी हसलो नाही.

पुढचं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते तिनं नंतर तिच्या तोंडानं सांगितलं, काही सगळ्यांसमोर, काही मला एकट्याला. पण मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला त्या बरण्यांकडे तिच्या डोळ्यांनी बघता येईल.

काउंटरपलीकडे बसून तिनं गेलनच्या आधीच्या सगळ्या निवडणुका बघितल्या होत्या. त्याची बरणी मागे पडली की हा माणूस सुधारायचा. बरणी अर्धी राहिली की तो दारोदार फिरायचा, म्हाताऱ्यांच्या अंगणातला बर्फ काढायचा, पुलाचं काम लावून द्यायचा, आजाऱ्याला घेऊन दवाखान्यात जायचा. भ्यायला की गेलनसारखा माणूस नाही. लोक त्याला दर वेळी त्या भ्यालेल्या दोन महिन्यांसाठी निवडून द्यायचे आणि उरलेली वर्षं भोगायचे. तिच्या स्वयंपाकघरात बशी बोटानं पुसणारा गेलनही भ्यालेलाच होता.

तेव्हा तिनं ठरवलं, या खेपेला याला भ्यायला द्यायचं नाही.

सकाळी ऑफिस उघडून कॉफी चढवायची आणि आम्ही यायच्या आत नमुन्याच्या ताटलीतले मूठभर दाणे गेलनच्या बरणीत सोडायचे. एवढंच. दिवसभर काउंटीभरच्या गाड्या यायच्या, कोण काय टाकून गेलं ते कुणी मोजत नसे. शत्रूची बरणी कुणी रिकामी करील, भरील कोण? म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

एप्रिल संपता संपता हारलन एके दिवशी काउंटरपाशी वाकून बघायला लागला. "आयला, गेलनची बरणी गाभण डुकरिणीसारखी फुगलीय की!"

"आणि नीलची?" मेल्विन म्हणाला.

"नीलचे दाणे तुझ्या डोक्यावरच्या केसांएवढे."

"म्हणजे अजून आशा आहे म्हणायची. मी रोज मोजतो."

हारलननं नीलच्या बरणीत हात घातला, एक दाणा काढला आणि गेलनच्या बरणीत टाकला. आर्लिसचं लिहिणं थांबलं.

"हे काय रे? तुला तर नील आवडतो," ती म्हणाली.

"आवडतो. बायकोही आवडते, म्हणून तिचं सगळं ऐकतो का? माझ्या शेताकडचा पूल अजून व्हायचाय. जिंकणाऱ्याशी वाकडं कशाला घ्या?"

"पण लायलचं... त्या दिवशी तूच म्हणालास ना?"

हारलननं टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणालो होतो. पण आर्लिस, सगळे तिकडे निघालेत. मी एकटा इकडे उभा राहून काय करू?"

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली. काट्यावर गाडी उभी होती, माणूस हॉर्न वाजवत होता. भरलेली बरणी बघून लोकही भरल्या बाजूला कलतात, हे तिच्या हिशेबात नव्हतं. तिनं त्याला बुडवायला ओतलेल्या पाण्यावर तो तरंगायला लागला होता. त्या आठवड्यात आणखी दोघातिघांनी दाणे हलवले, आणि प्रत्येकानं तिला एकच कारण सांगितलं, सगळे तिकडेच आहेत.

म्हणून तिनं हात आवरला. काही दिवस एकही दाणा टाकला नाही. लगेच गेलन उगवला.

"का गं, बरणी थांबली काय?" त्यानं काचेवर अंगठी वाजवली.

"पेरणीचे दिवस. गाड्या कमी येतात."

"तसंच असेल." पण तो हसला नाही. त्याच दुपारी तो मेल्विनच्या सुनेच्या दारात उभा होता, संध्याकाळी विधवा ॲडलीनच्या स्वयंपाकघरात, दोन्ही हातांनी तिचा हात धरून. मेल्विननं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "सून म्हणते, माणूस मुळात वाईट नाही. पोराच्या दम्याची आठवण ठेवून विचारलंन." आणि मेल्विनचाही दाणा हलतो की काय असं वाटायला लागलं.

आर्लिसला आता कळलं की माघार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मूठभर नाही, दोन ओंजळी सोडल्या. बरणी गळ्यापर्यंत आली.

तिथून पुढे गेलननं सगळं स्वतःच्या हातानं केलं.

आमच्याकडे समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. ओळखीचा असो नसो. त्यात काही खर्च नाही, पण ते न उचलणारा माणूस गावात फार दिवस गोड राहत नाही. मेच्या मध्यापासून गेलनचं बोट उचलेनासं झालं. हारलन तांबडा होऊन आत आला. "माझ्या नाकासमोरून गेला! मातीचा रस्ता, दोनच गाड्या, आणि साहेब फोनवर!"

"तू त्याला तुझा दाणा दिलास, आता बोटही मागतोस?" मेल्विन म्हणाला.

"गप रे टकल्या."

त्यानंतर आली अग्निशमन दलाच्या शेडमधली पॅनकेकची न्याहारी. दर निवडणुकीला गेलन तिथे ॲप्रन बांधून तव्यावर उभा राहायचा, पॅनकेक हवेत उडवून उडवून पोरांना वाढायचा. या खेपेला तो सगळं आटोपत आल्यावर आला, पँट-कोटात, ताट घेऊन बसला. ॲडलीननं त्याला तिच्या शेतात पाणी सोडणाऱ्या, रस्त्याखालच्या मोरीबद्दल विचारलं. तिच्या घरी त्यानं शब्द दिला होता.

"ॲडलीन, जून जाऊ दे, मग बघू."

"तू त्या दिवशी म्हणालास या महिन्यात करतो."

"अगं, मी कुठे पळून जातोय? बरणी बघितलीस ना?" असं म्हणून तो हसला, आणि शेजारच्या टेबलावरचेही दोघे हसले. ॲडलीन हसली नाही. तिनं काटा ताटात आडवा ठेवला. शेडच्या मागे नील टिमरमन बाह्या सरसावून जळका तवा घासत होता. त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. ती उठली, फडकं घेतलं आणि त्याच्या बाजूला उभी राहून ताटं पुसायला लागली. ते आम्ही सगळ्यांनी बघितलं. अशा वेळी शेडमधली हवा बदललेली कळते, गाई एका बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या की वादळ कळतं तशी.

गंमत अशी की यानंतरही बरण्यांमध्ये काही हललेलं दिसलं नाही. गेलनची बरणी एवढी भरली होती की तिच्यातून एक दाणा काढला काय आणि ठेवला काय, आणि नीलच्या बरणीकडे कुणी बघतच नव्हतं. हारलननं आपला दाणा परत नीलकडे नेला, तोही आर्लिस एकटी असताना, चोरासारखा. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. तसे बरेच जण आले. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच फिरलो. आणि ती प्रत्येकाला म्हणायची, "मी कशाला सांगू?" गावाचं मन वळत होतं आणि ते फक्त तिला दिसत होतं. मला तिनं पुढे सांगितलं, ते दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात गोड होते. लायल गेल्यापासून प्रथमच तिला भूक लागत होती.

मेभर पाऊस पडला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं आणि मतदानाच्या दिवशी असं ऊन पडलं की गवत कापायला असा दिवस वर्षातून एखादाच मिळावा. गेलनची माणसं, त्याचे नातेवाईक, त्याच्या चर्चमधले, सगळी ट्रॅक्टरवर. मी स्वतः त्याच्या सख्ख्या मेव्हण्याला कुंपणापलीकडून विचारलं, "मत द्यायला जात नाहीस?" तो म्हणाला, "गेलन निवडून आलाय कधीचा. गवत काही थांबणार नाही." गेलननं कुणाला फोन केले नाहीत. कुणाला गाडीत घालून नेलं नाही. ॲडलीन मात्र चर्चची व्हॅन घेऊन सकाळपासून म्हाताऱ्यांना ने-आण करत होती.

संध्याकाळी निकाल लागला. नील टिमरमन, थोडक्यात, पण स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलाशी बरण्यांकडे बघत बसलो होतो. दार धाडकन उघडलं आणि गेलन आत आला. दाढी केलेली नव्हती. त्याच्यामागून सोसायटीचा मॅनेजर क्रेग सिव्हर्सही आला, काय चाललंय ते बघायला.

गेलननं आपली बरणी उचलली आणि टेबलावर आमच्या मध्ये आदळली. "बघा! हे काय आहे? तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. ही बरणी कधी खोटी ठरलीय? मग कोर्टहाऊसमध्ये आकडे उलटे कसे? मतमोजणी कुणी केली? लोइसनं! मी तिला सोडणार नाही. वकील लावतो, वर्तमानपत्रात देतो. त्या बाईनं घोळ केलाय."

लोइस कोर्टहाऊसमध्ये निवडणुकीचं काम बघायची. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिनं आयुष्यात कुणाच्या बागेतलं फूलही विचारल्याशिवाय तोडलं नसेल. तरी बरणी समोर होती. मी मेल्विनकडे बघितलं, मेल्विननं माझ्याकडे. खरं सांगतो, आमच्या मनात शंका आली.

आर्लिस खिडकीतून उठली. बाहेर काट्यावर गाडी उभी होती. ती तशीच सोडून काउंटरच्या या बाजूला आली.

"लोइसला मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. "हे दाणे मी टाकलेत."

"काय?"

"रोज सकाळी. मार्चपासून."

गेलन तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "तू? माझ्यासाठी? आर्लिस, तू माझ्या बाजूनं होतीस?"

आर्लिस हसली. मी कधी कुणाला असं हसताना बघितलं नाही. आवाजच नव्हता त्यात.

"गेलन, तू भ्यालास की बरा माणूस होतोस. लोकांना तेवढाच दिसतो. या वेळी त्यांना खरा दिसावा म्हणून मी तुला भ्यायला दिलं नाही. बाकी सगळं तू केलंस."

त्याला कळायला वेळ लागला. कळत गेलं तसतसा त्याचा रंग खाली उतरत गेला. "का पण? मी तुझं काय..."

"माझ्या भावाचं नाव काय?"

त्यानं बरणी स्वतःकडे ओढली.

"सांग ना. या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे."

त्याचे ओठ हलले. त्यानं हारलनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही कुणी त्याला मदत केली नाही. नाव त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि ती त्याच्याकडे बघत होती, शांतपणे, पोट भरलेल्या माणसासारखी. तो समोरच्या खुर्चीत बसला.

मग मेल्विन बोलला. तो तिचा शाळेपासूनचा मित्र. हळूच बोलला. "आर्लिस, बरणीत जर असं... तर काट्यावर? आमच्या गाड्यांचं वजन?"

ती झटकन वळली. गेलन तिच्याशी जे वागला त्यानंसुद्धा तिचा चेहरा कधी असा झाला नव्हता. "मेल्विन, वजनात मी कधी दाण्याचा फरक केला नाही. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे गं. पण..." त्यानं बाहेर काट्यावरच्या गाडीकडे बघितलं.

क्रेग सिव्हर्सनं घसा साफ केला. तिच्यापेक्षा खूप लहान, तिनंच त्याला काम शिकवलेलं. "मिसेस व्होंद्रा, तुम्ही हे सगळ्यांसमोर बोललात. आता बाहेर उभा असलेला तो माणूस पावतीवर विश्वास कसा ठेवील? मी काय करू, तुम्हीच सांगा."

"तू काही करू नकोस, पोरा. हे मी करायला घेतलं तेव्हाच मला माहीत होतं. न सांगता राहिले असते तर याला कळलं नसतं." तिनं हनुवटीनं गेलनकडे दाखवलं. "आणि याला कळायला हवं होतं."

"पश्चात्ताप वगैरे?" क्रेगनं विचारलं. बिचाऱ्याला काय विचारावं कळत नव्हतं.

"मेल्विनच्या प्रश्नाचा होतोय. बाकी कशाचा नाही."

तिनं काट्याच्या खोलीची किल्ली जुडग्यातून काढून क्रेगच्या हातात दिली. बाहेरच्या गाडीचं वजन राहिलं होतं. ते तिनं घेतलं नाही, खिडकीकडे नुसतं बघितलं आणि हात मागे घेतला. हारलन म्हणाला, "आर्लिस, नील काही ते घर पुन्हा उघडणार नाही. पैसा कुठाय?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्यासाठी केलंच नव्हतं."

दार उघडून ती बाहेर पडली. काट्याच्या लोखंडी पत्र्यावरून तिचे बूट वाजत गेले, मग खडीवरून, मग रुळांपलीकडच्या मातीच्या रस्त्यावर आवाज उरला नाही. ऊन चढलं होतं, दोन्ही बाजूंना कापलेलं गवत वाळत पडलं होतं, आणि त्याच्या मधून ती ताठ, सावकाश चालली होती. काट्यावरच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघत होता. मेल्विन खिडकीशी जाऊन उभा राहिला, त्याच्यामागे आम्ही. ती चर्चच्या वळणाला पोचेपर्यंत एकेक करून आम्ही टेबलाकडे परतलो.

गेलन तेवढा उठून दारात जाऊन उभा राहिला. वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली, तरी तो त्या रस्त्याकडे बघतच होता.